बुढीमायची सात झाडं



आम्ही एकाच घरच्या तिघी आहोत, दोन जावा आणि एक नणंद. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्याच्या केळापूर तालुक्यात आहे. पैनगंगा ओलांडली की तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा लागतो, आणि आमची अर्धी सोयरीक तिकडचीच आहे. रेडिओवर बोलायचं ठरलं तेव्हा आमच्यातलीच एक म्हणाली, दारूचा विषय नको. बायांच्या कार्यक्रमात दारू म्हटलं की आधी मोर्चा आठवतो आणि मग मार आठवतो. तिचं खरं आहे, आम्हीही मोर्च्यात होतोच. पण जिनं आमचं घर सांभाळलं, त्या आमच्या आजेसासूच्या हाताला मोहाचा वास होता. ती गोष्ट लपवून तिच्याबद्दल बोललो तर ती आमची बुढीमाय राहणार नाही. म्हणून दोन्ही बोलतो.

बुढीमायला तिचं जन्मसाल ठाऊक नव्हतं. स्वराज्य आलं तेव्हा आपण लग्नाच्या वयाच्या होतो, एवढंच ती सांगायची. लग्नानंतर सासऱ्यानं तिला बांधावरची आणि जंगलाकडची मिळून सात मोहाची झाडं दाखवली आणि ही तुझी म्हणाला. आमच्याकडे मोहाची झाडं अशीच वाटलेली असतात. कोणतं झाड कोणत्या घरचं हे गावातल्या लेकरालाही माहीत असतं, पण ते कागदावर कुठंच नसतं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

मोह होळीच्या आगेमागे फुलतो. फूल रात्री आणि पहाटे गळतं. बायका अंधारातच टोपली घेऊन निघतात, कारण उशीर झाला तर गुरं खातात, हरणं खातात आणि अस्वल तर आपल्याआधीच येऊन बसलेलं असतं. टिपेश्वरच्या बाजूला वाघाची भीतीही असते. २०१८ साली राळेगाव आणि पांढरकवड्याच्या भागात वाघिणीची दहशत होती, तेव्हा कित्येक बाया एकट्या रानात जात नव्हत्या. फूल खाली दिसावं म्हणून बरेच लोक झाडाखालचा पाला जाळतात आणि त्यातूनच रानाला आग लागते. बुढीमायनं कधी जाळलं नाही. ती फडा घेऊन झाडायची. कोणी हसलं तर म्हणायची, "झाडाले चटके बसते ना बाई." आता वनखात्याचे लोक झाडाखाली जाळी बांधायला सांगतात. आम्हाला ते ऐकून तिचा फडा आठवतो.

वेचलेलं फूल अंगणात पसरायचं. तीन-चार दिवसांत ते मनुकेसारखं लालसर-तपकिरी होतं. ते नीट वाळवून ठेवलं तर वर्षभर टिकतं. त्याचं काय काय होतं ते तरुण पोरींना सांगावं लागतं, कारण त्यांना वाटतं मोह म्हणजे दारूच. ज्वारीच्या पिठात मोह घालून भाकर होते. चिंचोके भाजून, शिजवून मोहाबरोबर खातात. फूल नुसतं उकडूनही खातात. फुलानंतर फळ येतं, त्याला कोणी टोळ म्हणतं, कोणी टोरी. त्याच्या बियांचं तेल निघतं, ते खायला, दिव्याला आणि फुटलेल्या टाचांना लागतं. बुढीमायच्या आजीनं तिला दुष्काळ सांगितला होता. १८९९-१९०० सालच्या त्या दुष्काळात वऱ्हाडात आणि मध्यप्रांतात माणसं अन्नावाचून मेली, आणि रानाच्या कडेच्या लोकांना मोहानं आणि कंदमुळांनी तगवलं. घरात धान्याचा दाणा नसला तरी मोहाची कोठी रिकामी होऊ द्यायची नाही, हा नियम तिथून आमच्या घरात आला.

मोह काही फक्त आदिवासींच्याच घरचा नाही. संस्कृतात त्याला मधूक म्हणतात. कालिदासानं पार्वतीच्या लग्नात तिच्या केसांत दूर्वा गुंफलेली मोहफुलांची माळ घातली आहे. चरकसंहितेत मोहफुलांच्या आसवाचा उल्लेख आहे. म्हणजे फुलापासून मद्य करण्याची विद्या फार जुनी आहे, आणि ती वैद्याच्या पोथीत आली म्हणून औषध आणि आमच्या चुलीवर आली म्हणून गुन्हा, असं काही तेव्हा नव्हतं.

आमच्या चुलीवर ती कशी व्हायची ते थोडक्यात सांगतो. कृती सांगण्यासाठी नव्हे, आज ती करणं कायद्यानं गुन्हा आहे. वाळलेलं फूल पाण्यात काही दिवस आंबवतात, त्याला सडवा म्हणतात. तो मोठ्या मडक्यात चुलीवर तापवतात. वाफ पोकळ बांबूतून दुसऱ्या, गार ठेवलेल्या भांड्यात उतरते आणि थेंब थेंब पडतं. जाळ किती ठेवायचा, मडक्याचं तोंड मातीनं कसं लिंपायचं, कोणता वास आला की थांबायचं, हे बाईच्या हातात आणि नाकात असे. आमच्याकडे पुरुष लाकडं आणायचे, पाणी भरायचे. चुलीपाशी बुढीमाय बसायची. पहिली धार निघाली की ती पळसाच्या पानाच्या दोन्यात घेऊन आधी भुईवर सोडायची. "भुईले पहिलं, मंग पुरखांले, मंग आपल्याले," असा तिचा क्रम होता. जन्म, लग्न, मयत, पेनाची पूजा, यांत मोहाचा दोना लागतोच. ती वर्षातून मोजक्या वेळा काढायची, आणि विकत नव्हती. का विकत नाही, असं आम्ही एकदा विचारलं. ती म्हणाली, "देवाचं राहिलेलं वाटते, विकते का कोनी?"

आता हे सगळं चोरीचं काम कधी झालं, ते पाहू. आपला यवतमाळ जिल्हा आधी वणी जिल्हा म्हणून ओळखला जायचा, १९०५ साली त्याला यवतमाळ नाव मिळालं. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होतं, १९०३ साली ते मध्यप्रांताला जोडलं गेलं. इंग्रज सरकारला जमिनीच्या सारानंतर मोठं उत्पन्न अबकारीचं होतं. अबकारी म्हणजे दारू गाळण्याच्या आणि विकण्याच्या हक्कावरचा पैसा. सरकार त्या हक्काचा लिलाव करायचं, ठेकेदार बोली लावायचा आणि भागातल्या लोकांना त्याच्याच दुकानातली दारू घ्यावी लागायची. मग घरच्या चुलीवर कोणी मडकं ठेवलं की ठेकेदाराचं नुकसान, म्हणून सरकारचं नुकसान, म्हणून गुन्हा. दारू वाईट म्हणून ती बंद झाली, असं समजू नका. दुकान चालू राहिलं, बंद झालं ते बाईचं मडकं.

कोकणाच्या बाजूला तर याहून पुढची गोष्ट झाली. मुंबई सरकारनं १८९२ साली मोहफुलांसाठीच वेगळा कायदा केला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाचं फूल घरात बाळगण्यावरच बंधन आलं. जे फूल गरिबाच्या ताटात होतं तेच चोरीचा माल ठरलं. अन्न म्हणून ठेवलं की दारूसाठी ठेवलं, हे शिपायानं ठरवायचं.

१९२२-२३ साली दक्षिण गुजरातेत आणि आपल्या नाशिक-ठाण्याच्या आदिवासी पट्ट्यात एक मोठी लाट उठली. अंगात येणाऱ्या देवीनं सांगितलं की दारू सोडा, ताडी सोडा, आंघोळ करा, दारूवाल्या सावकाराचं काम करू नका. गावंच्या गावं दारू सोडून मोकळी झाली. इतिहासात त्याला देवी आंदोलन म्हणतात. आम्हाला त्यातलं एक फार पटतं. लोकांनी दारू सोडली ती कोणी बाहेरून शिकवलं म्हणून सोडली नाही. जो दारू विकून जमीन गिळत होता, त्याच्या हातातून सुटण्यासाठी सोडली. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच त्या लोकांना घरची दारू आणि दुकानाची दारू यांतला हिशेब कळला होता.

जंगलाचंही तसंच झालं. १९३० च्या जुलैत लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला, गवत कापून कायदा मोडला. आपल्या जिल्ह्याच्या शाळेत हे शिकवतात, आणि शिकवावंच. पण १९२७ च्या वन कायद्यात वनोपजाची यादी आहे, आणि तिच्यात मोहाचं फूल आणि मोहाचं बी नावानिशी लिहिलं आहे. आणि ते जंगलातलं असो वा नसो, तरी वनोपजच. म्हणजे बुढीमायच्या बांधावरच्या झाडाचं फूलसुद्धा कायद्याच्या भाषेत रानाचं होतं.

मध्यप्रांत-वऱ्हाडात १९३८ साली दारूबंदीचा कायदा झाला, तो सगळीकडे एकदम लागू झाला नाही. स्वराज्यानंतर मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा आला, आणि विदर्भ मुंबई राज्यात गेल्यावर १९५९ साली तो आपल्यालाही लावला. कायदे बदलले, राज्यं बदलली, पण चुलीवरचं मडकं गुन्हाच राहिलं. बुढीमायच्या आयुष्यात दोनदा धाड पडली. दुसऱ्या वेळी साहेबांनी सडवा ओतला, मडकं फोडलं आणि वाळवलेल्या मोहाची कोठीही ओतून दिली. सडवा आणि मडक्याचं ती काही बोलली नाही. कोठीचं मात्र मरेपर्यंत बोलायची. ते पावसाळ्याचं अन्न होतं.

आता आमच्या घरची जी गोष्ट सांगायला जड जातं, ती सांगतो. बुढीमाय विकत नव्हती, पण तिच्या नातवानं विकली. शेतीत कर्ज झालं होतं आणि कापसाला भाव नव्हता. यवतमाळच्या बायांना ते वेगळं सांगायला नको. हातभट्टीत पैसा दिसला. त्या दारूत मोह नावालाच होता, गूळ आणि नवसागर जास्त. मोह वर्षातून एकदा गळतो, गूळ बाराही महिने दुकानात मिळतो. त्यामुळे जे सणाचं होतं ते रोजचं झालं. तो विकता विकता प्यायला लागला आणि चाळिशीच्या आत गेला. आमच्यातली एक जाऊ ती त्याची बायको. ती इथं बसली आहे आणि हे सांगायला तिनंच सांगितलं.

त्याच्यानंतर गावात दारूबंदीची चळवळ आली, तेव्हा सगळ्यात पुढं आमची ही जाऊ होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या बायांनी दारूबंदीची मागणी कित्येक वर्षं लावून धरली आहे. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. आपल्या राज्यात आडव्या बाटलीचा नियमही आहे. गावातल्या पंचवीस टक्के बायांनी मागणी केली तर मतदान घ्यावं लागतं, आणि निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद. बैठकीला बुढीमाय काठी टेकत आली. सगळ्यांबरोबर तिनं अंगठा लावला. मग म्हणाली, "दुकान बंद करा. पन मह्या दोन्याचं काय?"

तेव्हा कोणी उत्तर दिलं नाही. कोणी तोंड फिरवलं, कोणी हसलं. आम्ही घरी येऊन भांडलो. एक म्हणाली, दोना म्हटला की उद्या त्याच दोन्याच्या नावावर बाटली येईल. दुसरी म्हणाली, दोन्यानं कोणाचं घर बुडालं ते दाखव. तिसरीनं उत्तर न देता भाकरी थापल्या. खरं सांगायचं तर ते भांडण अजून मिटलेलं नाही.

पण त्या भांडणातूनच आम्हाला पेसा कायदा कळला. १९९६ च्या या कायद्यानं अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला दोन गोष्टी दिल्या आहेत. नशेच्या पदार्थांवर बंदी घालायची की त्यांचं नियमन करायचं, यात ग्रामसभेचं म्हणणं. आणि गौण वनोपजाची मालकी. आपल्या जिल्ह्यात केळापूर, मारेगाव, राळेगाव, घाटंजी या तालुक्यांचे काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतात. तुमचं गाव येतं का, ते ग्रामसेवकाला विचारा. म्हणजे बुढीमायच्या प्रश्नाचं उत्तर द्यायची जागा आहे, ती ग्रामसभा. फक्त तिथं बाया बसल्या पाहिजेत, आणि मागं बसून चालत नाही.

जगाच्या दुसऱ्या टोकाला मेक्सिको नावाचा देश आहे. आपल्याकडे बांधाला घायपात असते ना, तिच्याच कुळातल्या झाडांपासून तिथले लोक मेझकाल नावाची दारू काढतात. झाड तयार व्हायला सात-आठ वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. मग त्याचा गाभा काढून, तापलेल्या दगडांच्या खड्ड्यात भाजून, ठेचून, आंबवून ती गाळतात. ओआहाका भागातल्या सांता कातारिना मिनास गावात आजही मातीच्या मडक्यातून गाळतात. आमच्यासारखंच तिथंही परक्या राजवटीनं, म्हणजे स्पेननं, आपला माल खपावा म्हणून स्थानिक दारूवर बंदी घातली होती आणि लोकांनी ती डोंगरात लपून जिवंत ठेवली. १९९४ साली त्यांच्या सरकारनं मेझकालला त्या मुलखाचा माल म्हणून संरक्षण दिलं. नाव मात्र पुरुषांचं झालं. घरोघरच्या बाया चुलीपाशी राबल्या, उस्ताद म्हणून बाप्यांना मान मिळाला. आता ग्रासिएला आंखेलेस कारेन्यो नावाची बाई आपल्या घराण्याचं मेझकाल चालवते आणि झाडं संपू नयेत म्हणून रोपवाटिका करते. पण तिथंही सरकारी शिक्का मिळवायचा खर्च लहान घरांना जड जातो आणि मोठ्या कंपन्या पुढं जातात. हे ऐकून आमची जाऊ म्हणाली, त्यांचं झाड एकदा कापलं की संपलं, आपला मोह पिढ्यान्‌पिढ्या देतो, मग आपण का गरीब?

भारतातही वारं बदललं आहे. गोव्याच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मध्य प्रदेशानं मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून मान्यता दिली आणि आदिवासी बचत गटांना ती करायला परवानगी दिली. आपल्या महाराष्ट्रात २०२१ साली मोहफुलांवरचे बरेच निर्बंध सैल झाले, पण विनापरवाना दारू गाळणं हा गुन्हा आहेच, यात गल्लत करू नका. केंद्र सरकारनं वाळलेल्या मोहफुलाची आधारभूत किंमत २०२० साली किलोमागं १७ रुपयांवरून ३० रुपये केली. व्यापारी गावात येऊन आजच्या आधारभूत किमतीहून कमी सांगत असेल तर तो आकडा त्याच्यासमोर ठेवा. आणि नदीपलीकडं उटनूरच्या आदिवासी बाया मोहाचे लाडू करून विकतात. आमच्या गटानंही दोन वर्षं केले. पहिल्या वर्षी फूल नीट निवडलं नाही म्हणून लाडवांत खडे आले आणि गिऱ्हाईक ओरडलं. दुसऱ्या वर्षी परागकोश काढून, धुऊन, पुन्हा वाळवून केले, ते खपले. बुढीमाय असती तर पहिल्याच वर्षी कान पिळला असता.

ती गेली त्या उन्हाळ्याच्या आधी तिनं झाडं वाटली. गावातल्या चार म्हाताऱ्यांना बोलावून, प्रत्येक झाडापाशी उभी राहून. दोन मोठ्या सुनेला, दोन धाकटीला, आणि तीन आमच्या नणंदेला, म्हणजे तिच्या नातीला. नवऱ्यानं टाकलेली, माहेरी परत आलेली नात. नातवांना एकही नाही. भावकीत बोंब झाली. सातबारा कोणाच्या नावावर, झाड कोणाच्या बांधावर, पोरीला झाड देतात का, असं सगळं निघालं. तिनं कोणाशी वाद घातला नाही. "मोह बाईच वेचते," एवढंच म्हणाली.

ती गेल्यावर तीन वर्षं तो वाद चालला. एका झाडावर कुऱ्हाडही पडायची होती, पण मोह तोडायला १९६४ च्या कायद्यानं परवानगी लागते, हे आमच्या नणंदेनं ग्रामसभेत सर्वांसमोर वाचून दाखवलं आणि कुऱ्हाड परत गेली. मग त्याच ग्रामसभेत आम्ही तिघींनी अर्ज दिला की मोहाची झाडं कोण वेचतं त्याची यादी ग्रामसभेच्या वहीत लिहावी. फक्त आमचीच नको, सगळ्या गावाची लिहा, म्हणून बाकीच्या बायाही उठल्या. वही भरायला दोन बैठका लागल्या. कित्येक झाडांपुढं पहिल्यांदा बाईचं नाव आलं. काही बाप्यांनी आपलं नावही बायकोच्या नावाशेजारी लिहायला लावलं, त्याला आम्ही हरकत घेतली नाही.

बुढीमायचं मडकं आमच्या माळ्यावर आहे. आमची विधवा जाऊ म्हणते ते फोडून टाकू. नणंद म्हणते पेनाच्या खोलीत ठेवू. गेल्या पूजेला दोन्यात मोह भिजवलेलं पाणी सोडलं आणि म्हाताऱ्यांनी ते चालवून घेतलं. पुढच्या वर्षी काय करायचं ते ग्रामसभेत मांडायचं असं ठरलं आहे. सातांपैकी एक झाड वादळात गेलं, सहा उभी आहेत. या माघात आम्ही पडलेल्या झाडाच्या जागी रोप लावलं आहे. त्याला फूल यायला आठ-दहा वर्षं लागतील, आणि तोवर त्याला शेळ्यांपासून राखायचं काम धाकटीच्या लेकीकडे आहे.